डोकं खाणाऱ्या राक्षसाला नुसतं पाण्यात ढकलून चालणार नाही

'डोकं खाऊ नकोस' हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. मी तर शिक्षक. मला ते घरी ऐकावं लागतं आणि वर्गात म्हणावं लागतं. पण आज ज्याच्याविषयी लिहायचंय तो खरोखरीच डोकं खातो. चार सोंडांनी कवटी धरतो, फोडतो आणि आतला भेजा गिळतो. त्याचं नाव माइंड फ्लेअर, दुसरं नाव इलिथिड. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातला हा फार जुना आणि फार लाडका राक्षस. माझी तक्रार त्याच्याविषयी मुळीच नाही. भेजा आमच्याही घरी शिजतो, मी कोणत्या तोंडानं तक्रार करू? तक्रार आहे ती त्याला उचलून समुद्रात टाकणाऱ्या आणि 'झालं बुवा समुद्री राक्षसाचं काम' म्हणून हात झटकणाऱ्या खेळगड्यांविषयी.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी चार ओळी. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणजे डीएम म्हणतात. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. कुणी जादूगार, कुणी तलवारबाज, कुणी चोर. घाव बसला की हुकला हे वीस बाजूंचा फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी माणसांनी १९७४ साली तो छापला. दास्तानगोई ऐकलेल्या माणसाला हा खेळ परका वाटू नये. इथं ऐकणाराही मध्येच उठून गोष्ट वाकवतो, एवढाच फरक. आमच्याकडं रविवारी जोहरच्या नमाजनंतर माझे दोन भाचे आणि तीन माजी विद्यार्थी जमतात. निम्मा खेळ उर्दूत चालतो, निम्मा मराठीत. फासा वाईट पडला की जे शब्द निघतात ते दोन्ही भाषांतले असतात आणि ते मला ऐकू येत नाहीत.

आता या राक्षसाची कुंडली. गायगॅक्सनं ब्रायन लमली या लेखकाच्या 'द बरोअर्स बिनीथ' या कादंबरीचं मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर सोंडांचं काहीतरी वळवळत होतं. त्यातून त्याला हा प्राणी सुचला. १९७५ साली 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेच्या पहिल्याच अंकात तो आला आणि १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये कायमचा बसला. धड माणसाचं, अंगावर लांब झगा, डोकं ऑक्टोपसचं. राहतो जमिनीखालच्या अंधारात. त्याच्या जहाजाला नॉटिलॉइड म्हणतात, आकार नॉटिलस नावाच्या समुद्री शंखाचा; पण ते जहाज उडतं आकाशात! म्हणजे तोंड समुद्रातलं, जहाजाचा आकार समुद्रातला, आणि साहेबांचा मुक्काम गुहेत नाहीतर ताऱ्यांमध्ये. ज्या समुद्राकडून सगळं उसनं घेतलं तिथं पाय ठेवायला तयार नाहीत.

त्यामुळं कुणा ना कुणा डीएमला वाटतंच, की याला एकदा पाण्यात न्यावं. कल्पना चांगली आहे. पण मग पाककृती ठरलेली. पोहण्याचा वेग चाळीस फूट लिहायचा. 'हवेत आणि पाण्यात दोन्हीकडं श्वास घेतो' अशी ओळ घालायची. हातात त्रिशूळ द्यायचा, दिमतीला माशाच्या तोंडाचे गुलाम द्यायचे. झगा मात्र तोच. समुद्राच्या तळाशी भिजलेला झगा सावरत हे महाशय दोन पायांवर चालत येतात.

हे पाहिलं की मला आमच्या पेशातले काही 'रूपांतरित' धडे आठवतात. मूळ गोष्टीतला जॉन काढायचा आणि जावेद घालायचा, पण अंगणातला बर्फ तसाच ठेवायचा. मग जळगावच्या मुलानं विचारायचं, 'सर, जावेदच्या अंगणात बर्फ कुठनं आला?' आणि सरांनी म्हणायचं, 'पुढं वाच.' गोष्टीचा मुक्काम हलला की तिच्यातलं खाणं, बोलणं, भ्यायचं कशाला आणि लपायचं कुठं हे सगळं हलतं. ते हलत नसेल तर मुक्काम हलवायचाच कशाला? त्यापेक्षा गुहा बरी होती.

पायांपासूनच सुरुवात करू. माइंड फ्लेअरला पाय आहेत कारण तो माणसाच्या शरीरातून बनतो. त्याची पोरं म्हणजे बेडकाच्या पिल्लासारखे टॅडपोल. ते एका खाऱ्या पाण्याच्या कुंडात वाढतात आणि त्याच कुंडात 'एल्डर ब्रेन' नावाचा एक अवाढव्य म्हातारा मेंदू पडून असतो, साऱ्या वस्तीचा मालक. पोर मोठं झालं की धरून आणलेल्या माणसाच्या डोक्यात सोडतात. ते आतला मेंदू खातं, त्याच्या जागी स्वतः बसतं आणि आठवडाभरात त्या शरीराचा माइंड फ्लेअर होतो. 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३ चा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळलाय त्यांनी हे पोर डोळ्यातून आत शिरताना पाहिलंच असेल. माझ्या भाच्यानं ते मला मुद्दाम जेवताना दाखवलं होतं.

म्हणजे खेळाच्याच नियमानं शरीर यजमानाचं असतं. मग समुद्रात यजमान कोण? २०१६ च्या 'व्होलोज गाइड'मध्ये हेच पोर बिहोल्डर नावाच्या डोळ्यांच्या गोळ्यात सोडलं तर 'माइंडविटनेस' हा वेगळाच प्राणी तयार होतो, असं छापलेलं आहे. छापील पुस्तकानं दार उघडून ठेवलंय, तरी लोक खिडकीतून उडी मारतात. डॉल्फिनच्या डोक्यात ते पोर सोडलं तर काय होईल, हा प्रश्न कुणी का विचारत नाही? डॉल्फिन झोपतो तेव्हा त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो आणि दुसरा जागा राहतो, नाहीतर तो श्वास घ्यायला वर येणार कसा? म्हणजे एक अर्धा खाऊन होईपर्यंत दुसरा अर्धा सगळं पाहतोय. मला तर एवढ्यावरच झोप लागली नव्हती.

आणि ऑक्टोपस? ज्याचं डोकं या राक्षसाला चिकटवलंय त्याचा स्वतःचा मेंदू कसा असतो हे तरी पाहायचं. त्याच्या शरीरातल्या सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश तर हातांमध्ये असतात. मधला जो मेंदू आहे तो अन्ननलिकेभोवती कड्यासारखा बसलेला. गिळलेला घास मेंदूच्या मधून खाली जातो. मग समुद्रात मेंदूखाऊला ऑक्टोपसजातीचा कुणी भेटला तर त्यानं खायचं कुठून? डोकं खाल्लं तरी आठ हात विचार करतच राहणार. समुद्रात असेही जीव आहेत ज्यांना मधला मेंदूच नाही, उदाहरणार्थ तारामासा. आणि सी स्क्वर्ट नावाचा एक जीव आहे, तो लहानपणी पोहतो, पुढं एका खडकाला कायमचा चिकटतो आणि मग पोहण्यापुरता असलेला आपलाच इवलासा मेंदू स्वतःच्या शरीरात जिरवून टाकतो. (कायम नोकरी लागलेल्या मास्तरांविषयी इथं एक विनोद करता येईल, पण सहकारी हा ब्लॉग वाचतात.) एवढी सामग्री समोर असताना तुम्ही त्रिशूळ देता?

पाण्यात सगळ्यात मोठा बदल होतो तो आवाजाचा. जमिनीवर माइंड फ्लेअर मनात बोलतो ही एक गंमत असते, कारण बाकीचे तोंडानं बोलू शकतात. पाण्याखाली तोंड बंद. 'वॉटर ब्रीदिंग' या मंत्रानं दहा जणांना चोवीस तास पाण्यात श्वास घेता येतो, पण श्वास म्हणजे बोलणं नव्हे. आमच्या टेबलावर मी एकच नियम केला: पाण्याखाली पात्रं बोलणार नाहीत, आणि खेळाडूंनीही बोलायचं नाही. हाताच्या खुणा चालतील. पहिली दहा मिनिटं हसण्यात गेली. नंतर दिवा विझला (गोष्टीतला, खोल पाण्यात लाल रंग आधी जातो, दोनशे मीटरच्या खाली तर उजेड जवळपास संपतोच), कोण कुठं आहे ते कळेना, आणि तेव्हा एकेकाच्या कानाशी जाऊन मी हळूच सांगितलं की तुझ्या डोक्यात एक आवाज येतोय. मवाळ आवाज. तो तुझं नाव घेतो. तुझ्या दोस्तांचा निरोप तुला पोचवतो म्हणतो. पोरांनी चटकन विश्वास ठेवला. ठेवणारच! जिथं कुणालाच बोलता येत नाही तिथं जो एकटा बोलतो त्याचं सगळे ऐकतात. निरोप खरे कोणते आणि त्यानं बनवलेले कोणते हे कळेपर्यंत दोन पात्रं त्याच्या दारात पोचली होती, आपल्या पायांनी. मी 'माइंड ब्लास्ट'चा साठ फुटी शंकू वापरलाच नाही. वापरायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा, की पाण्यात खालूनही हल्ला होतो. जमिनीवर खेळून सवय लागलेले खेळाडू खाली बघतच नाहीत.

आता भक्ष्यसाखळीकडं या, कारण खरी मजा तिथं आहे. जमिनीखाली माइंड फ्लेअर सगळ्यांच्या वर बसलेला. समुद्रात? प्राण्यांमध्ये सगळ्यात मोठा मेंदू आहे स्पर्म व्हेल या देवमाशाचा, जवळपास आठ किलो. माणसाचा दीड किलोही भरत नाही. म्हणजे मेंदूखाऊच्या दृष्टीनं ही चालती-फिरती मेजवानी. पण हाच देवमासा हजार मीटरच्या खाली बुडी मारून खातो काय, तर सोंडावाले! म्हाकुळाच्या कुळातले प्रचंड स्क्विड. त्यांच्या चोची त्याच्या पोटात सापडतात, त्यांच्या चूषकांचे वळ त्याच्या डोक्यावर दिसतात. शिवाय त्याच्या टिकटिकीएवढा मोठा आवाज दुसरा कुठला प्राणी काढत नाही. म्हणजे तुमचा राक्षस ज्याच्या मेंदूसाठी तडफडणार तोच त्याला गिळणार. जमिनीवर ज्याला कुणाची भीती नव्हती तो इथं दूरवरून टिकटिक ऐकली की खडकाच्या फटीत शिरेल. २०१४ च्या छापील नियमात 'एक्स्ट्रॅक्ट ब्रेन' हा हल्ला फक्त माणसासारख्या देहाच्या प्राण्यावर चालायचा. ती अट मी पेन्सिलीनं खोडली. खेळाडूंनी देवमाशाशी दोस्ती करावी म्हणून मी एक इशाराही दिला नव्हता, ते पोरांनी स्वतः शोधलं.

आणि राहायचं कुठं? इथं तर निसर्गानं घर बांधून ठेवलंय. समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी तलाव असतात. हो, समुद्राच्या आत तलाव. आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कित्येक पट खारं आणि म्हणून जड झालेलं पाणी खळग्यात साचून राहतं, वरच्या पाण्यात मिसळत नाही. त्याला काठ असतो, काठावर शिंपल्यांची दाटी असते. आत प्राणवायू जवळजवळ नाहीच. चुकून शिरलेला खेकडा किंवा मासा मरतो आणि लोणच्यासारखा टिकून राहतो. मेक्सिकोच्या आखातात असे तलाव आहेत, तांबड्या समुद्रात आहेत. आता आठवा, एल्डर ब्रेन कुठं राहतो? खाऱ्या पाण्याच्या कुंडात! अर्धी इमारत तयार आहे. काठावर लोणचं झालेल्या शिकारी, मध्ये तो म्हातारा, त्याच्याभोवती पोरं. तिथं वॉटर ब्रीदिंग चालेल का? त्या पाण्यात श्वास घ्यायला आहेच काय? खेळाडूंना हा प्रश्न पडला की डीएमनं फक्त खांदे उडवावेत.

इथं जाणकार मंडळी म्हणतील, 'सर, एवढी यातायात कशाला? समुद्रासाठी अबोलेथ आहे की.' आहे. डेव्हिड कुकच्या १९८१ च्या मोहिमेतून आलेला तो माशासारखा प्राणी मनं गुलाम करतो, पाण्यात राहतो आणि मला आवडतोही. पण दोघांचा धंदा वेगळा. अबोलेथ ज्याला खातो त्याचं ज्ञान साठवतो, बापजाद्यांच्या आठवणी त्याला जन्मतः मिळतात, तो काहीच विसरत नाही. तो म्हणजे बिनचूक घोकंपट्टीवाला विद्यार्थी. त्याच्या पोटात गेलेला माणूस एका अर्थी कुठंतरी शिल्लक असतो. मेंदूखाऊच्या पोटात गेलेला माणूस संपतो. त्याला पोट भरायचंय, बस्स. एकाच्या जागी दुसरा बसवायचा म्हणजे वाचनालयाच्या जागी भट्टी बसवायची.

तोंडाशी मिळतंजुळतं म्हणून आणखी एक सुचवणी होते. खऱ्या जगातल्या 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'वरून राक्षस करा म्हणे. नेग्लेरिया फाउलेरी. तो गोड्या, कोमट पाण्यात वाढतो, समुद्राच्या पाण्यात नाही, त्यामुळं तसाही इथं बसत नाही. पण मी नाही म्हणतो ते दुसऱ्याच कारणानं. कराचीत त्यानं माणसं गेली आहेत, केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये गेली आहेत. तो पाणी पिऊन होत नाही, नाकातून शिरतो, आणि एकदा झाला की वाचणारे अगदी मोजके. वुजू करताना नाकात पाणी घेणाऱ्यांनी टाकीतलं पाणी उकळून गार केलेलं किंवा नीट क्लोरीन टाकलेलं वापरावं, एवढाच त्याचा माझ्या लेखी उपयोग. ज्या घरातलं पोर गेलंय त्या घराच्या शेजारी बसून मला त्याचा फासा टाकायचा नाही.

आता त्या माशाच्या तोंडाच्या गुलामांकडं येतो. माझा खरा राग तिथं आहे, आणि तो खेळापुरता नाही.

खेळात त्यांना कुओ-तोआ म्हणतात. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधली त्यांची कथा अशी: हे लोक पूर्वी किनाऱ्यावर राहायचे. माणसांनी त्यांना हुसकून जमिनीखाली ढकललं. तिथं माइंड फ्लेअरनी त्यांना पकडून गुलाम केलं, आणि त्यात त्यांची मनं मोडली. आता ते वेडे आहेत, हाताला लागेल त्या मूर्तीला देव मानतात. एवढं सांगून पुस्तक काय करतं? त्यांना मारल्याचे गुण किती, ते लिहितं. ज्यांचं घर गेलं, मग स्वातंत्र्य गेलं, मग डोकं गेलं, ते खेळाडूंसाठी सुरुवातीचा सराव! राक्षसाला समुद्रात नेणारे सगळेच्या सगळे याच लोकांना पुढं करतात, कारण ते आयते माशासारखे दिसतात.

हे आकाशातून पडलेलं नाही. सोंडांची आणि समुद्रातून येणाऱ्या 'त्यां'ची ही भीती एच. पी. लव्हक्राफ्टकडून आलेली आहे. त्याची 'कॉल ऑफ क्थुलू' १९२८ ची, 'शॅडो ओव्हर इन्समथ' १९३६ ची. पहिलीत त्या समुद्रदैवताचे भक्त कोण, तर मिश्र रक्ताचे, काळे-सावळे खलाशी. दुसरीत एका गावानं समुद्रातल्या लोकांशी सोयरीक केली म्हणून ते गाव किळसवाणं. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या पत्रांतून जगजाहीर आहे. वर्ल्ड फँटसी अवॉर्डच्या पुतळ्यातून त्याचं डोकं हटवायचं २०१५ साली ठरलं ते उगीच नाही. खेळाच्या कंपनीनंही जून २०२० मध्ये कबूल केलं, की ऑर्क आणि ड्राऊ यांना जन्मजात दुष्ट रंगवताना खऱ्या जगातल्या समाजांची जशी बदनामी होते तशीच झाली. चांगलं केलं. पण पुस्तकं सुधारली तरी टेबलं आपोआप सुधारत नाहीत. माझ्या उर्दूच्या वर्गात बसणाऱ्या पोरांना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे कळतं. भाड्याचं घर बघायला गेलेल्या आई-बापाबरोबर ती गेलेली असतात. 'हे सगळे असलेच' या वाक्याचा अर्थ त्यांना व्याकरणात शिकवावा लागत नाही. त्यांनी रविवारी येऊन एका अख्ख्या जमातीला फक्त तोंडावरून कापून काढायचं आणि त्याबद्दल मी त्यांना गुण द्यायचे? 'खेळच तो' असं म्हणणाऱ्यांनी मग मुलं खेळातून काहीच शिकत नाहीत असं एकदा लिहून द्यावं. मी बी.एड. केलंय, तिथं तर उलटंच शिकवलं.

समुद्राखालच्या माणसांची दुसरी गोष्ट आपल्याकडं आहे, आणि ती लव्हक्राफ्टपेक्षा कितीतरी जुनी आहे. 'अल्फ लैला'मधल्या दोन अब्दुल्लांची. एक जमिनीवरचा कोळी अब्दुल्ला, दुसरा त्याच्या जाळ्यात आलेला समुद्रातला अब्दुल्ला. दोघं दोस्त होतात; हा टोपलीभर फळं देतो, तो टोपलीभर जवाहीर. मग समुद्रवाला त्याच्या अंगाला एका प्रचंड माशाच्या चरबीचा लेप लावतो आणि पाण्याखाली घेऊन जातो. तिथं शहरांमागून शहरं आहेत. आणि तिथं गंमत कोण होतं? कोळी! बायका-पोरं सगळी त्याला हसतात, कारण त्याला शेपूट नाही. राजासुद्धा हसतो. वॉटर ब्रीदिंगच्या मंत्राची आठवण येते ना त्या लेपानं? पण या गोष्टीतलं पाणी कुणाचं तरी घर आहे आणि आपण तिथं बिनशेपटीचे पाहुणे. शेवटी ही दोस्ती तुटते ती तलवारीवरून नाही. तिकडं कुणी मेलं की आनंद करतात, इकडं रडतात. 'अल्लाहनं ठेवायला दिलेली चीज त्यानं परत घेतली तर तुम्ही रडता कसे?' एवढ्या मुद्द्यावर समुद्रवाला नातं तोडतो. मेंदूखाऊ ज्या समुद्रात न्यायचा तो समुद्र असा असला पाहिजे. तिथल्या लोकांना घरं असली, थट्टा असली, मौतीचे रिवाज असले, तर त्यांचा मेंदू खाल्ला गेल्यावर काही गेलं असं वाटेल.

आणि मेंदूखाऊच्या गोष्टीसाठीही अमेरिकेच्या तोंडाकडं बघायची गरज नाही. फिरदौसीचा 'शाहनामा' सुमारे १०१० साली पुरा झाला. त्यातला जह्हाक. इब्लिस स्वयंपाकी बनून येतो, त्याच्या खांद्यांचं चुंबन घेतो, आणि तिथून दोन साप उगवतात. कापले तरी पुन्हा उगवतात. मग तोच इब्लिस हकीम बनून सांगतो, यांना माणसांचे मेंदू चारा. रोज दोन जवान पोरं. आता लक्षात घ्या, या गोष्टीत साप कितीसे पुढं येतात? फार थोडे. पुढं येतं ते स्वयंपाकघर. अरमाइल आणि गरमाइल नावाचे दोन भले लोक मुद्दाम तिथं स्वयंपाकी म्हणून शिरतात. रोज आलेल्या दोघांपैकी एकाला सोडतात, त्याच्या जागी मेंढीचा मेंदू मिसळतात. दुसऱ्याला कापावंच लागतं. महिन्याला तीस पोरं वाचतात. दोनशे जमली की शेळ्या-मेंढ्या देऊन रानात पाठवतात. कुर्द लोक त्यांचे वंशज, असं फिरदौसी सांगतो. आणि मग येतो कावा लोहार, ज्याची सतरा मुलं गेलीत आणि अठरावा रांगेत आहे. (जह्हाक शाहनाम्यात अरब आहे, हेही नोंदवून ठेवतो. जुलमी माणूस परका दाखवायची खोड इराणलाही होती.)

माझा समुद्री राक्षस मी इथून उचलला. त्याचं नावही बदललं, कारण माइंड फ्लेअर आणि इलिथिड ही नावं कंपनीनं २००० सालच्या खुल्या परवान्यातून मुद्दाम वगळून आपल्याकडं ठेवली होती, आणि उसन्या नावाशिवाय आपलं काही अडत नाही. आमच्याकडं तो मगजखोर. तो खाऱ्या तलावात पडून असतो, क्वचितच दिसतो. दिसतं ते काठावरचं स्वयंपाकघर. पाण्याखाली चूल पेटत नाही, म्हणून तिथं सगळं कच्चं, सुरीचं काम. शेपटीवाल्या लोकांच्या वस्तीतून रोज दोघं जण येतात, आपल्या पायांनी, म्हणजे शेपटीनं, कारण मनात तो मवाळ आवाज चालू असतो. आणि तिथं दोन स्वयंपाकी आहेत जे एकाला सोडतात, त्याच्या जागी डॉल्फिनचा मेंदू घालतात.

खेळाडूंना हे कळलं आणि फासे थांबले. दोन रविवार एकही फासा पडला नाही. थोरला भाचा म्हणाला, स्वयंपाक्यांना आधी मारा, रोज एक खून करतात. माझा एक माजी विद्यार्थी, जो आता वर्कशॉपमध्ये काम करतो आणि एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, 'तू मारशील, मग उद्या दोघं मरतील. तू रोज येणारेस का?' मग डॉल्फिनचा प्रश्न निघाला, कारण देवमाशानं त्यांना विचारलं, की मेंढीच्या जागी माझ्या भावकीतला का? आता तिघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या. कुओ-तोआसारखं दिसणारं कुणीच कापलं गेलेलं नाही. मगजखोराच्या अंगावर अजून एक ओरखडा नाही.

पोहण्याचा वेग विचारणाऱ्यांसाठी: ती रकाना माझ्या वहीत कोरीच आहे. स्वयंपाक्यांची पानं मात्र चार भरली आहेत, आणि येत्या रविवारी धाकटा भाचा त्यांच्याकडं नोकरी मागायला जाणार आहे.